रोज टेकडी चढूनही दिवस बैठाच?

पुण्यात हनुमान टेकडीवर किंवा पर्वतीवर पहाटे दिसणाऱ्या कुणालाही विचारा, 'तुमची जीवनशैली बैठी आहे का हो?' 'छे, रोज तासभर चालतो की' असंच उत्तर येईल. पोषणशास्त्राचं गणित मात्र त्या एका तासावर भुलत नाही. ते उरलेल्या २३ तासांचाही हिशेब मागतं.

हा हिशेब ज्या आकड्यात मांडतात, त्याला शारीरिक हालचालींची पातळी म्हणतात. दिवसभरात खर्च झालेल्या एकूण ऊर्जेला बीएमआरने भागलं की ती मिळते. बीएमआर म्हणजे जागेपणी नुसतं निपचित पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवायला लागणारी ऊर्जा. अन्न व कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या तज्ज्ञगटाने २००१ मध्ये ठरवलेल्या पट्ट्यांनुसार १.४० ते १.६९ म्हणजे बैठी किंवा हलकी, १.७० ते १.९९ मध्यम आणि २.०० ते २.४० कष्टाची जीवनशैली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात याच तीन गटांसाठी १.४, १.८ आणि २.३ हे आकडे आहेत.

स्वतःची पातळी काढायला वही-पेन पुरतं. कामाचे दोन दिवस आणि सुट्टीचा एक दिवस निवडा, आणि काय केलं ते १५-१५ मिनिटांच्या हिशेबाने लिहा. लिहायचं ते दर तीन-चार तासांनी. रात्री एकदम आठवून लिहिलं की चालणं फुगतं आणि मोबाइल आकसतो. मग प्रत्येक कामाच्या तासांना त्याच्या गुणकाने गुणा. ते काम बीएमआरच्या किती पट ऊर्जा खातं, हे गुणक सांगतो. झोप १.०, बसमधला प्रवास १.२, टीव्ही-मोबाइल-गप्पा १.४, जेवण आणि टेबलावरचं काम १.५, गाडी चालवणं २.०, स्वयंपाक २.१, अंघोळ-कपडे २.३, झाडू-फरशी-धुणी २.८, सपाटीवरचं चालणं ३.२. या गुणाकारांच्या बेरजेला २४ ने भागलं की पातळी मिळाली. तासांची बेरीज मात्र २४ आलीच पाहिजे. २६ आली तर तुम्ही जेवताना पाहिलेला टीव्ही दोनदा मोजला आहे.

कोथरूडहून कंपनीच्या बसने हिंजवडीला जाणारा, पस्तिशीतला, ७० किलोचा माणूस घेऊ. झोप ७ तास (७.०), आवराआवर १ (२.३), जेवणखाण १ (१.५), बस २ (२.४), ऑफिस ९ (१३.५), चालणं अर्धा (१.६), घरकाम अर्धा (१.४), मोबाइल आणि टीव्ही ३ (४.२). एकूण ३३.९. भागिले २४, उत्तर १.४१. बैठ्या पट्ट्याच्या अगदी तळाशी.

आता त्याने मोबाइलचा एक तास टेकडीला दिला. चढ-उतार मिळून सरासरी गुणक ५ धरू. बेरीज ३७.५ होते आणि पातळी १.५६. तरीही बैठीच! उरलेल्या दोन तासांपैकी एक चालण्यात आणि एक घरकामात घातला, म्हणजे मोबाइल पूर्ण बंद, तेव्हा कुठे ४०.७, म्हणजे १.६९६ येतं, १.७० ला अजून केसभर कमी. कारण उघड आहे. ऑफिस, बस आणि झोप मिळून १८ तास १.५ किंवा त्याखाली अडकलेत, आणि वाढीव तासाच्या फायद्यालाही शेवटी २४ नेच भागायचं आहे. टेकडीचा हृदयाला, रक्तदाबाला, साखरेला फायदा होतोच, त्यावर वाद नाही. पण जास्त जेवायचा परवाना त्यातून फारसा मिळत नाही.

दुसरीकडे चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताई बघा. वय ४०, वजन ५५. झोप ७ तास, आवरणं १, जेवण १, घरचा स्वयंपाक २, झाडू-फरशी-धुणी ७, या सोसायटीतून त्या सोसायटीत चालणं २, बसणं ४. बेरीज ४६.६, पातळी १.९४. पालखीबरोबर पुणे ते सासवड चालणाऱ्या वारकऱ्याच्या दिवसाचं गणित, आठ तास चालणं धरलं आणि दिवे घाटाची चढण वेगळी मोजली नाही तर, जवळपास इथेच येतं. वारीत हा दिवस एकदा येतो, ताईंचा रोजचा.

कॅलरी काढायच्या तर बीएमआर हवा. ३० ते ६० वयाच्या पुरुषांसाठी वजन गुणिले ११.५ अधिक ८७३. स्त्रियांसाठी वजन गुणिले ८.१ अधिक ८४६. १८ ते ३० वयात पुरुषांना १५.१ आणि ६९२, स्त्रियांना १४.८ आणि ४८७. ही सूत्रं भारतीयांना थोडी जास्त आकडा देतात, म्हणून उत्तरातून १० टक्के वजा करा. हिंजवडीकराचा बीएमआर १,५१० आणि दिवसाची गरज साधारण २,१३० किलोकॅलरी. टेकडी धरून २,३५५. म्हणजे तासभर घाम गाळून सव्वादोनशेची भर, आणि खाली उतरल्यावर गाडीवरचा वडापाव ती बहुतेक फेडून टाकतो. ताईंचा बीएमआर १,१६०, गरज २,२५०. वजन १५ किलोने कमी, तरी गरज त्याच्या टेकडीविना दिवसाहून जास्त.

मोबाइलवरची बरीच अ‍ॅप्स विचारतात, 'आठवड्यातून किती दिवस व्यायाम करता?' ताई म्हणणार, शून्य. मग अ‍ॅप बीएमआरला १.२ ने गुणतं. हा आकडा खरं तर खुर्चीला किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा. उत्तर १,३९०, म्हणजे रोज सुमारे ८६० किलोकॅलरींची तूट. प्रश्नच चुकीचा, तर उत्तर कुठून बरोबर येणार?

बाकीच्या चुकाही नेहमीच्याच. जिमचा एक तास लिहिताना दोन सेटमधली विश्रांती आणि लॉकररूममधल्या गप्पा त्यातून वजा करायला हव्यात. पातळीत व्यायाम धरून झाल्यावर घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी वर पुन्हा मिळवू नका. मनगटी पट्टा हाताच्या हालचालीवर चालतो, त्यामुळे पोळ्या लाटतानाही तो पावलं मोजू शकतो आणि हँडल धरून सायकल चालवताना गप्प बसू शकतो. एखादं काम विश्रांतीच्या किती पट ऊर्जा खातं हे 'मेट' या दुसऱ्या एककात सांगणारे तक्तेही इथे जसेच्या तसे वापरू नयेत. मेटमध्ये किलोमागे तासाला १ किलोकॅलरी धरतात. ७० किलोला दिवसाचे १,६८० होतात, बीएमआर तर १,५१० आहे. आठवड्याची पातळी काढताना कामाच्या दिवसाला ५ ने आणि सुट्टीला २ ने गुणून ७ ने भागा. अठराच्या आतली मुलं, गर्भवती आणि आजारी माणसं यांना ही सूत्रं लावू नका; वजन फारच जास्त असेल तर आकडा फुगून येतो.

उत्तर पडताळायचं असेल तर उलटं गणित करा. महिनाभर वजन स्थिर असेल तर खाल्लेलं आणि खर्चलेलं सारखंच असणार. जेवणाच्या नोंदीतल्या कॅलरींना बीएमआरने भागा. १,५१० बीएमआरचा चालता-फिरता माणूस '१,६०० च खातो' म्हणत असेल तर भागाकार १.०६ येतो, आणि तो अशक्य आहे. अशा वेळी हालचालींची वही सोडा आणि जेवणाची उघडा: फोडणीचं तेल, चहातली साखर आणि चार वाजताची भेळ त्यात लिहिलीये का ते पाहा.