खडीला चिकटलेलं जुनं सिमेंट

पाडलेल्या इमारतीच्या राडारोड्यातला काँक्रीटचा एक तुकडा हातात घेऊन नीट पाहा. मधूनमधून खडीचे दगड दिसतात आणि त्यांना घट्ट धरून बसलेला सिमेंट-वाळूचा राखाडी, खरखरीत मसाला. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. दगडावरचा थेंब टिकून राहतो, मसाल्यावरचा बघता बघता जिरतो. जुनं काँक्रीट डांबरी रस्त्यात वापरायचं म्हटलं की बहुतेक अडचणी त्या जिरणाऱ्या थेंबापाशी सुरू होतात.

रस्त्याला आपण डांबरी म्हणतो खरं, पण वजनाने त्यात डांबर साधारण ५ टक्केच असतं. बाकी खडी आणि चुरा, म्हणजे फोडलेला डोंगर. म्हणून राडारोडा क्रशरमध्ये फोडून, लोहचुंबकाने सळयांचे तुकडे वेगळे करून आणि चाळून मिळणारी खडी मला फार मोलाची वाटते.

पण ही खडी तहानलेली असते. चांगली दगडी खडी वजनाच्या एखाद-दोन टक्के पाणी शोषते, ही कित्येक पट जास्त. १५०-१६० अंश सेल्सिअसला डांबर मिसळलं की तेही त्याच छिद्रांत शिरतं आणि बाहेरचा थर पातळ राहतो. मग डांबर वाढवावं लागतं, आणि मिश्रणातली सर्वांत महाग वस्तू तीच. खडीत वाचवलेलं डांबरात जातं, हे लपवण्यात अर्थ नाही.

रसायनशास्त्र मात्र इथे मदतीला येतं. डांबरात किंचित आम्लधर्मी घटक असतात आणि सिमेंट अल्कधर्मी, त्यामुळे पकड चांगली बसते. सिलिका जास्त असलेल्या ग्रॅनाइटसारख्या दगडावरून पाणी डांबराला सहज सोडवतं. पण रोलरखाली मसाला फुटला, की डांबर न लागलेली कोरी बाजू उघडी पडते आणि पाण्याला वाट मिळते.

यावर उपाय आहेत. फिरत्या ड्रममध्ये खडी एकमेकींवर घासून मसाला काढतात, किंवा आधीच डांबराच्या इमल्शनचा, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेल्या डांबराचा, हात देतात. मला सर्वांत आवडतो तो कार्बन डायऑक्साइडचा. हा वायू मसाल्यातल्या चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट बनवतो, आणि ते छिद्रं बुजवतं. सिमेंट करताना चुनखडी भाजून जो वायू हवेत सोडला होता, त्यातला थोडा असा परत दगडात बसतो.

मसाला बारीक चुऱ्यात जास्त असतो, म्हणून बदल जाड खडीपासून सुरू करणं बरं. तोही आधी खालच्या थरांत आणि कमी वर्दळीच्या रस्त्यांवर. आणि दोन इमारतींचं काँक्रीट सारखं नसतं, त्यामुळे प्रत्येक ढिगाची शोषण आणि झीज नव्याने तपासावी लागते.