‘हात लावला नाही, मग रॅगिंग कसली?’

जळगाव-धुळ्याच्या होस्टेलांत हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ते खोटं आहे. महाराष्ट्राच्या 1999च्या रॅगिंगबंदी कायद्यात शिवीगाळ, धमकी, चिडवणं, थट्टा हेसुद्धा येतं. सातपुड्यातल्या धडगावहून आलेल्या पोराला रात्री गच्चीवर उभं करून ‘तुझ्या पावरी बोलीत गाणं म्हण’ म्हणत खिदळणं, अहिराणी बोलणाऱ्याची नक्कल करायला लावणं, हीसुद्धा रॅगिंगच. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2016मध्ये भाषा आणि प्रदेशावरून होणारा छळ स्पष्टपणे नियमांत घातला. राज्याच्या कायद्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय दहा हजारांपर्यंत दंड.

तक्रार आईवडील किंवा शिक्षकही करू शकतात. प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर निलंबन, आणि तक्रार थेट पोलिसांकडे. ‘आपसांत मिटवा’ म्हणत ते गप्प बसले, तर तेही कायद्याने गुन्ह्याला साथ देणारे ठरतात (हे बहुतेकांना ठाऊकच नसतं). हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास.