नैराश्यग्रस्ताची सोबत

नैराश्याने आजारी असलेल्या व्यक्तीला घरच्यांनी व निकटवर्तीयांनी आजारपणात आणि त्यानंतरही दिलेला रोजचा आधार. किमान दोन आठवडे जवळजवळ दिवसभर टिकणारी खिन्नता, आवडीच्या गोष्टींवरून उडालेले मन, थकवा, झोप व भूक यांतील बिघाड आणि आपण घरावर ओझे आहोत ही भावना, अशी लक्षणे एकत्र दिसली म्हणजे डॉक्टर नैराश्याचे निदान करतात. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील सुमारे दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो.

घरच्यांना तो आधी कामांत जाणवतो. आंघोळ दुपारपर्यंत लांबते, फोन वाजत राहतो, भाजीला मीठ पडत नाही. पुरुषांत पुष्कळदा चिडचिड किंवा दारूच पुढे दिसते आणि खिन्नता तिच्याआड राहते. अशा वेळी नागपूरकडे मायेनेच म्हटले जाते, ‘कायले एवढं टेन्शन घेतं?’ परंतु मन आवरण्याची जी शक्ती आजाराने हिरावलेली असते तीच या वाक्यात मागितली जाते, आणि ऐकणाऱ्याला त्यात दोषारोप ऐकू येतो. ‘आज फार जड जातंय का?’ असे विचारून उत्तरासाठी थांबणे, उत्तर आले नाही तरी जवळ बसणे, हे अधिक उपयोगी. कामे लहान करून पुढे ठेवावीत: सोबतीने भाजी निवडणे, कूलरमध्ये पाणी भरणे, ऊन उतरल्यावर फुटाळा तलावापर्यंत एक चक्कर. नकार मिळाला तर रुसू नये. उद्या पुन्हा विचारावे.

नागपुरात उपचारांच्या वाटेवर एक जुने भय उभे आहे. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्याच्याजवळचा चौक आजही लोकांच्या तोंडी ‘पागलखाना चौक’ आहे. मनाच्या आजाराचे नाव काढताच हाच चौक डोळ्यांपुढे येत असल्याने अनेक कुटुंबे महिनोन्‌महिने गप्प राहतात. प्रत्यक्षात बहुतेक नैराश्यग्रस्तांना दाखल व्हावे लागत नाही. ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), ‘मेयो’ (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानमधील एम्स या रुग्णालयांतील मानसोपचार विभागाच्या बाह्यरुग्ण तपासणीत उपचार सुरू होऊ शकतात. पहिल्या भेटीला कोणीतरी बरोबर जावे, चिठ्ठीच्या रांगेत स्वतः उभे राहावे, मात्र डॉक्टरांपुढे आधी रुग्णाला बोलू द्यावे. ताजबागेच्या दर्ग्यात चादर चढवून कोणाला धीर येत असेल तर तो मोडण्याचे कारण नाही. गोळ्या तेवढ्या चुकू नयेत.

औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात आणि दुष्परिणामांचा त्रास आधी जाणवतो, म्हणून पहिला महिना घरच्यांच्या कसोटीचा असतो. बरे वाटू लागल्यावरही उपचार सहसा किमान सहा महिने चालतात. औषध डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. काही गोळ्यांनी घाम वाढतो, त्यामुळे विदर्भाच्या उन्हाळ्यात पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे.

मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे. बहुधा रुग्णाला कोणीतरी विचारल्याचा सुटकारा वाटतो. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके व गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तरुणांच्या बाबतीत औषध सुरू झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे अधिक सावधगिरीचे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे व तिची काळजी घेणे शासनाचे कर्तव्य मानले आहे. म्हणून पोलिसांच्या धास्तीने दवाखाना टाळू नये.

हा भार बहुधा एकट्या आईवर किंवा पत्नीवर येतो. रात्रीच्या जागरणाची पाळी भावाने, दवाखान्याची फेरी दिराने, असे वाटप सुरुवातीलाच व्हावे, कारण आजार महिन्यांच्या हिशेबाने चालतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस या फोनवरून चालणाऱ्या शासकीय मानसिक आरोग्यसेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर सोबत करणारी व्यक्ती स्वतःसाठीही कोणत्याही वेळी बोलू शकते.