काउंट वाढतो तेव्हा पांढऱ्या पेशी काय करत असतात?

रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणतात, ‘काउंट वाढलाय.’ निरोगी प्रौढ माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. जिवाणूंचा संसर्ग झाला की हा आकडा १५-२० हजारांवरही जातो. शरीराने भराभर नव्या पेशी बनवल्या, असा अर्थ आपण लावतो. तो अर्धाच खरा आहे.

या पेशींत सहसा निम्म्याहून अधिक असतात न्यूट्रोफिल. जिवाणूंना आधी त्याच भिडतात. पण त्यांपैकी जवळपास निम्म्या प्रवाहात नसतातच. त्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना लगटून असतात, त्यामुळे तपासणीच्या नमुन्यात येत नाहीत. जोरात पळालं, घाबरलं किंवा स्टिरॉइड घेतलं की त्या भिंत सोडतात आणि एकही नवी पेशी न बनता काउंट वाढतो. नुसता आकडा पाहून अँटिबायोटिक मागणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

खऱ्या संसर्गात मात्र अस्थिमज्जेला जुंपून घ्यावं लागतं. एरवीही ती दिवसाला सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल बनवते आणि बराच साठा राखून असते. रक्तात जी-सीएसएफ नावाचं प्रथिन वाढलं की हा साठा बाहेर पडतो, उत्पादनही वाढतं. मागणी फारच असली तर पुरत्या न वाढलेल्या पेशीही रक्तात येतात. रिपोर्टात त्यांना ‘बँड सेल’ म्हणतात. त्याहून गंभीर अवस्थेत काउंट उलट घसरू शकतो, कारण पेशी बनतात त्याहून वेगाने खर्ची पडतात. १८,००० चा आकडा पाहून घाबरणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, पण बँड सेल भरपूर आणि काउंट कमी हे चित्र डॉक्टरांना जास्त अस्वस्थ करतं.

रक्तात फिरणारी न्यूट्रोफिल गोल आणि शांत असते. ते बरंच आहे. तिच्याकडची रसायनं तिथेच सुटली तर नुकसान आपलंच. संसर्गाचे पहिले संकेत मिळाले की ती अर्धी सज्ज होते, आणि पुढचा संकेत आला की मग पूर्ण जोराने प्रतिसाद देते. सुजलेल्या जागेतल्या रक्तवाहिनीची भिंत चिकट झालेली असते. तिच्यावरून घरंगळता घरंगळता न्यूट्रोफिल मंदावते, इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी घट्ट पकड घेते आणि अंग चेपून भिंतीपार जाते. ही पकड किती मोलाची, ते एका दुर्मीळ जन्मजात आजारात दिसतं. इंटिग्रिन सदोष असलेल्या बाळांचा काउंट प्रचंड असतो, तरी जखमेत पू धरत नाही आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होत राहतो.

पुढची वाट रसायनं दाखवतात. जिवाणूंच्या प्रथिनांची सुरुवात फॉर्मिल मेथिओनिन या घटकाने होते. त्यांचे तुकडे जिकडे दाट, तिकडे न्यूट्रोफिल सरकते. गंमत म्हणजे आपल्या पेशींतले मायटोकॉन्ड्रिया हे प्राचीन जिवाणूंचेच वंशज, त्यामुळे त्यांच्यातही ही खूण शिल्लक आहे. म्हणून जबर मुका मार लागला, तर एकही जंतू नसताना न्यूट्रोफिल धावून येतात!

गाठलेला जिवाणू ती गिळते आणि त्याच्यावर हायपोक्लोरस आम्ल सोडते. ब्लीचची जंतुनाशक ताकद याच आम्लाची. ते बनवणारं विकर (एन्झाइम) मायलोपेरॉक्सिडेज हिरवट असतं. पुवाला हिरवट छटा येते त्याचं एक कारण हेच. २००४ मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी आणखी एक तऱ्हा दाखवली: न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते आणि जिवाणू त्यात अडकतात.

एरवी काही तासच रक्तात फिरणारी ही पेशी संसर्गाच्या जागी आपलं मरण लांबवते. काम आटोपलं की ती शिस्तीत मरते आणि मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी तिला गिळतात. ते झालं की मॅक्रोफेज सूज उतरवणारी द्रव्यं सोडू लागतात. ही सफाई रखडली तर मेलेल्या न्यूट्रोफिल फुटतात, आतली विकरं आजूबाजूच्या ऊतींवर सांडतात आणि जंतू संपल्यावरही सूज हटत नाही.