गॅस धरणारी काच आणि गॅस तोलणारी काच

पाठ्यपुस्तकात एक लिटर कोरड्या हवेचे वजन १.२९३ ग्रॅम दिलेले असते. हा आकडा शून्य अंश तापमानाचा आणि पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर दाबाचा. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वायुभारमापकातला पारा ७००च्या आसपास असतो. सांगली थोडी सखल, म्हणून ७१०च्या घरात. महाबळेश्वरला तो ६५०पर्यंत उतरतो. २७ अंशांच्या दिवशी साताऱ्यातली लिटरभर कोरडी हवा १.०८ ग्रॅमच भरेल. प्रात्यक्षिकाच्या वहीत १.२९३ जसाच्या तसा उतरवणारा विद्यार्थी साताऱ्याची हवा मोजतच नसतो.

मग ही हवा मोजायची कशात? रसायनशास्त्राच्या जुन्या कपाटांत दोन प्रकारची काच सापडते. एक लांबट नळी, दोन्ही टोकांना एकेक स्टॉपकॉक (काचेची तोटी), बहुधा २५० मिलिलिटरची: ही सॅम्पलिंग ट्यूब. दुसरा गोल किंवा लंबगोल फुगा, एकच स्टॉपकॉक, अंगावर आकारमान कोरलेले: हा डेन्सिटी बल्ब. यादीत दोन्ही एकाच ओळीत येतात, पण त्यांचा जन्म वेगवेगळ्या गरजेतून झाला. बल्ब आला तराजूच्या खोलीतून, नळी आली भट्टी आणि खाणीतून.

तराजूची बाजू आधी. गॅस तोलण्याची खरी अडचण गॅस हलका असण्याची नाही. ज्या हवेत आपण तोलतो, ती हवाच भांड्याला वर उचलून धरते, ही आहे. भांड्याने जेवढी हवा बाजूला सारली, तेवढ्या वजनाने ते हलके भासते, आणि हे वजन आतल्या गॅसच्या वजनाच्या तोडीचे असते! २५० मिलिलिटरच्या बल्बमध्ये साताऱ्याची हवा भरली तर ती सुमारे ०.२७ ग्रॅम, आणि बाहेरच्या हवेचा उचलही तेवढाच किंवा काकणभर जास्त. सकाळी बल्ब रिकामा तोलला, दुपारी गॅस भरून तोलला, आणि मधल्या वेळेत खोली दहा अंशांनी तापली, तर नुसत्या या उचलातच आठ-दहा मिलिग्रॅमचा फरक पडतो. त्यात आपल्याकडे वायुभार सकाळी दहाच्या सुमारास चढतो नि दुपारी चारला उतरतो. तो फरक दोन-तीन मिलिमीटरचाच, तरी एक मिलिग्रॅम त्यातही जातो.

१८०६ साली पॅरिसमध्ये बिओ आणि आरागो या शास्त्रज्ञांनी या दुरुस्त्या गणिताने करून गॅसची घनता मोजली. १८४०च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्योने गणितच टाळले. त्याने दोन काचेचे गोळे घेतले, बाहेरून आकारमान तंतोतंत सारखे. एकात गॅस, दुसरा कायमचा बंद. दोन्ही तराजूच्या दोन बाजूंना टांगले. आता हवा दमट होवो, तापो, दाब बदलो, दोन्ही गोळ्यांना उचल सारखाच, म्हणजे तो हिशेबातून आपोआप वजा झाला. या विषयातली सर्वांत देखणी युक्ती मला हीच वाटते, आणि आजही एकसारखे दोन बल्ब असतील तर कोणत्याही कॉलेजात ती वापरता येते. रेन्यो गोळा वितळत्या बर्फात बुडवूनच भरायचा, म्हणजे तापमानाचाही वाद मिटला.

एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून निसटली. आतली हवा काढली की बाहेरच्या दाबाने काचेचा गोळा अगदी किंचित आकसतो. आकसलेला गोळा कमी हवा सारतो, त्याला उचल कमी मिळतो, म्हणून तो रिकामा असताना जरा जड भासतो, आणि त्यामुळे गॅस आहे त्याहून हलका ठरतो. १८८८ साली हे दाखवून दिले इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी.

त्यांचीच पुढची गोष्ट या काचेच्या इतिहासातली सर्वांत मोठी. रॅले यांच्याकडे सुमारे १.८ लिटरचा गोळा होता. हवेतला ऑक्सिजन तापलेल्या तांब्यावरून काढून टाकून उरलेला नायट्रोजन त्यांनी तोलला: सुमारे २.३१० ग्रॅम. अमोनिया आणि इतर संयुगांपासून केलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात, त्याच परिस्थितीत भरला: सुमारे २.२९९. फरक अकरा मिलिग्रॅमचा, म्हणजे अर्धा टक्का. दुसरा कोणी ‘प्रयोगातली चूक’ म्हणून पान उलटले असते. रॅले यांनी १८९२ साली ‘नेचर’मध्ये पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना कारण विचारले. संयुगातून काढलेला नायट्रोजन ताजा असताना वेगळ्या रूपात असेल काय, ही शंका फेडण्यासाठी त्यांनी तो आठ महिने साठवून पुन्हा तोलला. घनता होती तशीच राहिली.

मग रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमझी यांच्या साथीने शोध लागला तो आर्गॉनचा. ऑगस्ट १८९४मध्ये ऑक्सफर्डला त्याची घोषणा झाली. हवेत एक टक्क्याच्या आसपास असणारा, नायट्रोजनहून जड, कशाशीच संयोग न करणारा वायू. १७८५ साली इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशच्या प्रयोगात, त्याच्या नळीत हवेचा जवळजवळ १/१२० भाग काही केल्या जिरला नव्हता. तो बुडबुडा मुख्यतः आर्गॉनचाच. शंभर वर्षे तो नोंदीत पडून होता, कारण तो ओळखू येईल इतकी बारीक तोलाई कोणी केली नव्हती. १९०४ साली दोघांना नोबेल मिळाले, रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅमझी यांना रसायनाचे.

याच घराण्यातली ड्यूमाची १८२६ची पद्धत आणि व्हिक्टर मेयरची १८७८ची, या दोन्ही बाष्पांसाठी, म्हणजे द्रवाच्या वाफेची घनता काढण्यासाठी. ड्यूमा बल्बची मान तापवून बारीक ओढायचा, आत द्रव उकळवायचा आणि बाष्प भरले की तोंड ज्योतीवर बंद करायचा. पुढे इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझारोने बाष्पघनतेवरून अणुभारांचा घोळ निस्तरला. तो भाग बी.एस्सी.च्या पुस्तकांत सविस्तर असतो, इथे पुरे.

आता नळीची बाजू. तिला नाजूक तराजूशी देणेघेणे नव्हते. लोखंडाच्या झोतभट्टीच्या वरच्या तोंडातून किती जळाऊ गॅस वाया जातो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनला १८४०च्या दशकात बघायचे होते. गॅस भट्टीवर आणि उपकरणे प्रयोगशाळेत, म्हणजे गॅस वाहून आणणे आले. त्यासाठी काचेच्या नळीतून भट्टीचा गॅस वाहता ठेवायचा आणि दोन्ही टोके ज्योतीने वितळवून बंद करायची. पुढे घासून बसवलेले काचेचे स्टॉपकॉक आले आणि तीच नळी पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागली. कोळशाच्या खाणींतल्या स्फोटांनंतर काय उरते, हे शोधणाऱ्या हॉल्डेनसारख्या शास्त्रज्ञांना अशाच नमुन्यांवर भिस्त ठेवावी लागली.

नळी भरायचे नियम तेव्हापासून बदललेले नाहीत. एक तर तिच्या आकारमानाच्या निदान दहापट गॅस आरपार जाऊ द्यायचा, किंवा आधी निर्वात करून भरायची, नाहीतर आतला द्रव खाली सोडत गॅस वर घ्यायचा. द्रव म्हणून साधे पाणी चालत नाही, कारण कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. आम्ल घातलेले मिठाचे संपृक्त पाणी लागते.

सातारा-सांगलीशी या काचेचा संबंध जुळतो तो आधी काचेमुळेच. कराड स्टेशनजवळची ओगलेवाडी तिथल्या काच कारखान्याच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने घराघरांत पोहोचली. त्या कारखान्याच्या मालाची विक्री करत हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झाले. पण साधी सोडा काच आणि गॅसची काच यांत फरक आहे. तापल्यावर सोडा काचेचे प्रसरण बोरोसिलिकेट या उष्णता सोसणाऱ्या काचेच्या जवळजवळ तिप्पट, म्हणून आज बल्ब बोरोसिलिकेटचेच घेतात. अशी काच जर्मनीत येनाला शॉट या काचतज्ज्ञाने बनवली, १९१५ साली अमेरिकेत ती पायरेक्स झाली, आणि आपल्या कपाटांत बोरोसिलच्या नावाने आली.

दुसरा धागा साखरेचा. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरच्या धुराड्यातला गॅस ओर्साच्या उपकरणात तपासायचा, हे कारखान्यातल्या केमिस्टचे नेहमीचे काम. १८७०च्या दशकातले हे उपकरण एका लाकडी पेटीत मावते. पोटॅशमध्ये कार्बन डायऑक्साइड जिरतो, पायरोगॅलॉलमध्ये ऑक्सिजन, क्युप्रस क्लोराइडमध्ये कार्बन मोनॉक्साइड, आणि प्रत्येक वेळी किती आकारमान घटले ते वाचायचे. मग डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशपासून, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्यापासून बायोगॅस निघू लागला, आणि गावोगाव गोबरगॅसच्या टाक्या तर आधीपासून होत्याच. इथे नळी आणि बल्ब एकत्र आले.

कारण बायोगॅस म्हणजे ढोबळमानाने मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण. पहिला हवेहून हलका, दुसरा जड, म्हणजे घनतेवरून मिथेनचे प्रमाण थेट काढता येते. साताऱ्याच्या दाबाला २५० मिलिलिटरच्या बल्बमध्ये मिथेन एक टक्क्याने वाढले, की वजन सुमारे २.६ मिलिग्रॅमने उतरते. चार दशांशांच्या तराजूला हे सहज दिसते. गॅस आधी कॅल्शियम क्लोराइडवरून कोरडा मात्र करायला हवा, नाहीतर पाण्याची वाफ गॅस हलका दाखवते आणि मिथेन उगाच वाढते.

हिशेब सोपा असल्यामुळेच इथे एक सापळा आहे. मिथेन ५४ टक्के आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड, अशा मिश्रणाची घनता नेमकी कोरड्या हवेइतकी येते. समजा नळी नीट धुतली नाही, स्टॉपकॉकचे ग्रीस सुकले, नि आत निव्वळ हवा आली, तरी बल्ब बिनदिक्कत ‘५४ टक्के मिथेन’ सांगेल. साठ टक्क्यांच्या चांगल्या गॅसमध्ये निम्मी हवा मिसळली तरी उत्तर ५७च्या आसपास येईल आणि कोणाला शंकाही येणार नाही. तराजू कितीही बारीक असला तरी ही चूक तो पकडू शकत नाही. म्हणून त्याच नमुन्याचा दुसरा भाग ओर्साच्या पायरोगॅलॉलमधून काढायचा. तिथे ऑक्सिजन दिसला, तर बल्बचा आकडा न लिहिता नळी पुन्हा भरून आणायची.