‘पहिली अभिनेत्री’ या बिरुदामागे : कमलाबाई गोखले

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड लागतात, तेव्हा कनातीबाहेरच्या फलकावर नर्तकीचे नाव ठळक अक्षरांत असते. बाईने चारचौघांत नाचणे-गाणे मराठवाड्याच्या प्रेक्षकाला नवे नाही. म्हणूनच दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’ या आपल्या पहिल्या मूकपटासाठी एकही स्त्री मिळाली नाही, हे येथे सांगितले की ऐकणाऱ्याला नवल वाटते. फाळके यांनी कोठ्यांवरही विचारणा केली होती. पण नाटकाला मिळालेली थोडीफार प्रतिष्ठासुद्धा नसलेल्या या नव्या धंद्यात उतरायला त्या स्त्रियाही राजी झाल्या नाहीत. अखेर खाणावळीत आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले आणि कारंज्यात ओल्या साड्यांनिशी खेळणाऱ्या तिच्या सख्याही पुरुषच होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात लोकांनी पाहिली ती ही तारामती.

पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र पुरुषावर भागवणे कठीण होते, कारण ज्याच्या डोक्यावर हात ठेवावा तो भस्म होईल असा वर मिळालेल्या असुराला नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावणारी मोहिनी, हाच त्या कथेचा कणा. ही भूमिका तेरा-चौदा वर्षांच्या कमलाबाईंनी केली आणि पार्वती झाल्या त्यांच्या आई दुर्गाबाई कामत. भारतीय चित्रपटाची ‘पहिली अभिनेत्री’ कोण, आई की लेक, हा वाद त्यामुळे फारसा अर्थपूर्ण नाही. दोघी एकाच चित्रपटातून पडद्यावर आल्या. पतीपासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंनी पोटासाठी रंगभूमी धरली होती आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला होता, हे अधिक महत्त्वाचे. कमलाबाईंचे बालपण नाटक मंडळीच्या बिऱ्हाडातच गेले.

मराठवाडा तेव्हा निझामाच्या राज्यात होता आणि शाळा-कचेऱ्यांत उर्दूचे वर्चस्व होते. पण मूकपटाचे तेथे अडण्यासारखे नव्हते, कारण भस्मासुराची गोष्ट कीर्तनातून घरोघर पोचलेली असल्याने पडद्यावरच्या पाट्या न वाचताही चित्र कळण्याजोगे होते.

एवढे नाव होऊनही कमलाबाईंची खरी कारकीर्द नाटकातली. रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऐन पंचविशीच्या आसपास वैधव्य आले, तेव्हा मुले लहान होती, आणि आईने जे केले तेच लेकीनेही केले : रंगमंचावर उभे राहून घर चालवले. पुरुषांनी स्त्रीवेष घ्यायचा तो काळ. कमलाबाईंनी उलट पुरुषभूमिकाही केल्या. अभिनेते चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र, लालजी आणि सूर्यकांत हे इतर दोघे मुलगे तबल्यात नावाजले, आणि अभिनेते विक्रम गोखले हे नातू. आपल्याकडे आजही ओळख पटते ती बहुधा नातवाच्या नावावरून.

चित्रपट त्यांनी सोडला नाही. १९८० च्या ‘गहराई’पर्यंत त्या अधूनमधून पडद्यावर दिसत राहिल्या. पुढे रीना मोहन यांनी वृद्ध कमलाबाईंवर माहितीपट केला. ‘मोहिनी भस्मासुर’ची प्रत मात्र उरलेली नाही; त्यामुळे आज पाहायला मिळतात त्या उतारवयातल्या कमलाबाई, तेरा-चौदा वर्षांची मोहिनी नव्हे.