काळ्या उंदराचा मेलानोमा आणि तीन अमिनो आम्लं

प्रतिकारशक्ती वाढवली की कर्करोग होत नाही, असा दावा करणारे काढे आणि चूर्णं व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. हा समज किती अपुरा आहे, ते काळ्या उंदरांवरच्या एका प्रयोगाने 2003 सालीच दाखवलं होतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या ओव्हरवाइक, रेस्टिफो आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर घडवले, ज्यांच्या बहुतेक मारक टी-पेशी (रोगट पेशींना मारणाऱ्या प्रतिकारपेशी) जीपी100 हे एकच प्रथिन ओळखत. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत हे प्रथिन असतं. त्याच पेशींपासून होणाऱ्या मेलानोमा या कर्करोगातही असतं. या उंदरांना बी16 या उंदरांतल्याच मेलानोमाच्या पेशी टोचल्या, तर गाठ नेहमीसारखीच वाढली! ओळखणाऱ्या पेशींचा अंगात सुकाळ, पण त्या स्वस्थ.

असं का? टी-पेशीला अख्खं प्रथिन दिसतच नाही. जवळपास प्रत्येक पेशी आपली प्रथिनं चिरते आणि एमएचसी नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवून ते तुकडे पृष्ठभागावर मांडते. जीपी100चा इथला तुकडा नऊ अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या नऊ मण्यांचा. उंदरात त्याची सुरुवात ग्लुटामिक आम्ल, ग्लायसिन, सेरिन अशी होते आणि तो खोबणीत नीट धरत नाही. माणसाच्या जीपी100मध्ये त्या जागी लायसिन, व्हॅलिन, प्रोलिन असतात. पुढची सहा जशीच्या तशी. एवढ्या फरकाने तुकडा घट्ट बसतो आणि टी-पेशी चेतते. एकदा चेतली की उंदराचा स्वतःचा सैल तुकडाही तिला पुरतो. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

मग गाठ असलेल्या साध्या उंदरांना या टी-पेशी, माणसाच्या तुकड्याची लस आणि टी-पेशींची वाढ करणारं इंटरल्यूकिन-2 असं तिन्ही दिलं. मोठ्या गाठीही विरल्या. सोबत काळ्या केसांत पांढरे चट्टे उमटले, म्हणजे कोड. कोडाला पूर्वजन्मीचं पाप म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं: रंगपेशींवर आपल्याच टी-पेशींनी केलेला तो हल्ला असतो.

माणसांत मात्र नुसत्या लशीने निराशा केली. पसरलेल्या मेलानोमाच्या 676 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2010मध्ये आले. जीपी100चे बदललेले तुकडे टोचलेल्या गटात मध्यक आयुर्मान 6.4 महिने, इपिलिमुमॅब या औषधावर 10.1, दोन्ही एकत्र दिल्यावर 10.0. इपिलिमुमॅबमध्ये कुठलंही प्रतिजन, म्हणजे टी-पेशीने ओळखावा असा तुकडा, नाही. टी-पेशींना आवरणाऱ्या सीटीएलए-4 या रेणूला ते अडवतं, बस्स. ती वाट दाखवणाऱ्या जेम्स ॲलिसन यांना 2018चं नोबेल विभागून मिळालं.